मांडवातला फितूर

४ तारीख, सोमवार

आल्या आल्या झडती! माझी. टॉवेल, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, ही वही — एका मुलीने सगळं टेबलावर मांडलं. "मावशी, राग मानू नका, सगळ्यांचीच बघतो." सगळ्यांची? माझ्या मागच्या दोघांना तर तसंच आत सोडलं. तीस वर्षं परीक्षेच्या वर्गांवर पहारा केलाय मी. बाकाखालची चिठ्ठी पकडण्यात माझा हात कोणी धरला नाही. आणि झडती माझी.

लेकीला घरी न्यायला आलेय, बाकी या लोकांशी मला देणंघेणं नाही. जावई आणि त्याचे दहा सोबती सरकारविरुद्ध पत्रक वाटलं म्हणून आत आहेत. अडीच महिने झाले, खटला उभा राहत नाही. त्यांना सोडा म्हणून कोर्टासमोरच्या मैदानात हे धरणं. लेक पहिल्या दिवसापासून इथे. गालफडं बसलीत तिची. म्हणाली, "आई, तो सुटेपर्यंत मी हलणार नाही. तुला राहायचं तर राहा."

राहिले. हट्ट काय तिलाच येतो?

५ तारीख, मंगळवार

झोपायला ताडपत्रीवर सतरंजी. संडास समोरच्या पेट्रोल पंपावर, सहा वाजता रांग. खरं राजकारण त्या रांगेतच चालतं. फोन चार्ज करायला एकच बोर्ड, त्यावर कागद — "प्रत्येकी अर्धा तास. प्राध्यापकांनाही." हसू आलं, पण दाखवलं नाही.

सगळा कारभार वकीलबाईंच्या शब्दावर. त्यांचा मुलगा आत आहे. माझ्याशी गोड बोलतात. जरा जास्तच गोड. "किती दिवस आहात?" दोनदा विचारून झालं.

चालून चालून टाचेला फोड आला. औषधांच्या टेबलावरच्या कंपाउंडरने पट्टी बांधली. हात हलका आहे. तोंड मात्र बंद नाही — माझं गाव, माझी शाळा, माझा रक्तदाब, सगळं विचारून घेतलं. एवढ्या चौकशा कशाला?

६ तारीख, बुधवार

सभेच्या आधी सगळ्यांचे फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डबा वकीलबाईंच्या मांडीवर. उद्या मोर्चा मागच्या फाटकाने काढायचा, असं तिथल्या तिथे ठरलं. पुढच्या दारात पोलीस वाट बघत बसतील, म्हणे.

७ तारीख, गुरुवार

मागच्या फाटकावर पोलीस आधीच हजर. खुर्च्या टाकून, चहा पीत! म्हणजे आतलंच कोणीतरी सांगतंय. कुठेतरी पाणी मुरतंय खास.

दुपारभर कोणी कोणाशी बोललं नाही. बघत मात्र सगळे माझ्याकडे होते. नवी मी एकटीच ना. संध्याकाळी रांगेत माझ्या पुढे-मागे हातभर जागा मोकळी. आयुष्यात मला असं कोणी वागवलं नव्हतं. रडू आलं, पंपाच्या नळावर तोंड धुऊन आले.

लेक तुरुंगाच्या कचेरीत जाऊन आली. बाकीच्या बायकांना महिन्याला एक भेट, हिला दर दोन-तीन दिवसांनी. चिकाटी माझी घेतलीय पोरीने. जावयाचा दमा बळावलाय, एवढंच म्हणाली. हल्ली ताकास तूर लागू देत नाही.

८ तारीख, शुक्रवार

फितूर कोण, ते आता मीच शोधणार. नाहीतर माझ्या नावावर खपेल.

१० तारीख, रविवार

सापडला.

कंपाउंडरकडे दोन फोन आहेत! सभेला एक डब्यात जातो, दुसरा पट्ट्यांच्या खोक्यात, कापसाखाली. आज तीनदा तो घेऊन भिंतीकडे गेला. तोंड भिंतीकडे, हात ओठांवर. मी पाण्याच्या ड्रमाआड उभी होते. शेवटचं वाक्य ऐकू आलं — "हो, इथेच आहे, उद्या सांगतो."

लेकीला सांगितलं. बराच वेळ नखं खात बसली. मग म्हणाली, "आई, सभेत तूच सांग. तुझं ऐकतील."

११ तारीख, सोमवार

सांगितलं. वर्गात सांगायचे तसं — वेळ, जागा, पुरावा. खोकं उघडलं, फोन निघाला.

तो आधी हसला. मग पांढरा पडला. "बायकोचे फोन आहेत हो ते. तिला वाटतं मी दुकानात कामाला जातो. इथे बसतो कळलं तर माहेरी निघून जाईल. लावून बघा ना कोणीतरी." कोणी लावला नाही. मीही नाही. चोर पकडल्यावर त्याच्या गोष्टी ऐकत बसायच्या नसतात, असंच मी आजवर मानलं.

औषधांच्या पेटीची किल्ली त्याने वकीलबाईंना दिली. जाताना माझ्यापाशी थांबला. "मावशी, पट्टी परवा बदला. भिजू देऊ नका."

वकीलबाईंनी आज मला स्वतःची खुर्ची दिली. रांगेत लोकांनी पुढे सोडलं. खोटं का बोला, बरं वाटलं.

१३ तारीख, बुधवार

सकाळी चहा वाटताना पोलीस तिन्ही बाजूंनी आले. दहा मिनिटांत मांडव आडवा. वकीलबाईंना अनवाणी गाडीत चढवलं. आणि रस्त्यापलीकडून धावत कोण आला? कंपाउंडर! औषधांची पेटी उचलायला. पेटीसकट त्यालाही आत कोंबलं.

मग एक अधिकारी आमच्याकडे आला. मी दोन्ही हात पुढे केले. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. लेकीला म्हणाला, "ताई, आईंना घेऊन निघा. ठरल्याप्रमाणे."

ठरल्याप्रमाणे.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बोलली. "तो आत मरेल, आई. ते म्हणाले, इथलं आम्हाला कळवत जा, आम्ही त्याला सोडतो."

"आणि तो कंपाउंडर?"

"सगळे तुझ्यावर संशय घेत होते. कोणीतरी दुसरा दाखवायलाच हवा होता."

काखेत कळसा आणि मी सगळ्या मैदानाला वळसा घातला! मुस्काटात मारावीशी वाटली तिच्या. माझ्याही. तिचा हात गार पडला होता. तो मी घर येईपर्यंत सोडला नाही.

१७ तारीख, रविवार

जावई सुटला. अकरांतला एकटाच. जेवायला बसला, दोन घास खाल्ले आणि विचारलं, "बाकीचे दहा आत, मी बाहेर. माझ्या वतीने पोलिसांना कोण मिळालं?"

लेकीचा वाढता हात थांबला.

"मी," मी म्हटलं. "मीच सांगत होते त्यांना सगळं."

तो भरल्या ताटावरून उठला. लेकीने ते ताट उचललं आणि आत गेली.