पाच वाजताचा खोळंबा

३ मार्च, सोमवार

पुन्हा पडली! धाकटी बहीण आज चार वेळा पुलावरून दरीत. अर्धांगवायूनंतर तिचा उजवा हात आत्ता कुठे जेमतेम वळायला लागलाय. फिजिओवाल्या बाईंनी सांगितलं, रोज पाचला अर्धा तास गेम खेळा, उजव्याच हाताने. म्हणून मी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून गेमचा सर्व्हर उभा केला. ती तिच्या गावी, मी इथे, दोघं एकाच पुलावर. पण चित्र मधेच थिजतं, आणि सुटतं तेव्हा ती खाली.

“दादा, हातच दगा देतोय माझा. शुक्रवारी बाईंना सांगणारे, आता डाव्याचीच सवय लावा.”

हात नव्हे, सर्व्हर! फोनवर गरजलो. पुरावा? नाही. जन्मभर व्यासपीठावर पुराव्याशिवाय टाळ्या घेतल्या, त्याची ही शिक्षा.

४ मार्च

इंटरनेटवरून अठरा सेटिंग्ज उतरवल्या, एकदम लावल्या. सर्व्हर उठेचना!

सूनबाई ऑफिसातून आली. दिवसभर मोठमोठे सर्व्हर सांभाळते ती. पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “बाबा, हे भाषण नाहीये, सगळे मुद्दे एका दमात ठोकायला. एक बदल करायचा, मोजायचं, लिहून ठेवायचं. मगच दुसरा.”

अठराच्या अठरा मागे घेतल्या. मदत मागायला मी तोंड उघडायच्या आधीच तिने खुर्ची ओढली होती.

५ मार्च

बदल पहिला: वीज वाचवायला प्रोसेसर मंदावत होता, ते बंद. आता पूर्ण वेग. किंचित फरक. पाच वाजून सहा मिनिटांनी पुन्हा तेच. धाकटी चिडली नाही, तिने सरळ गेम बंद केला. ते जास्त लागलं.

६ मार्च

सापडलं!

सूनबाई अर्धी रजा टाकून आली. बरोबर पाचला, कुठला प्रोग्राम किती राबतोय याची यादी पडद्यावर लावली. सगळ्यात वर, प्रोसेसर आणि डिस्क दोन्ही बळकावून — माझी भाषणं! जुन्या कॅसेटींवरची रेकॉर्डिंग आकाराने लहान करून साठवायचं काम रोज पाचला आपोआप सुरू व्हावं, असं मीच लावून ठेवलं होतं. गेल्या वर्षी. साफ विसरलो.

“बाबा, इथेही माईक सोडवत नाही तुम्हाला!” हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी.

“दुबळ्याला आधी वाट द्या” — तीस वर्षं व्यासपीठावरून हेच. आणि माझाच आवाज बहिणीच्या हातावर पाय देऊन उभा!

भाषणं सकाळी दहाला हलवली, वर प्राधान्यही सर्वांत खालचं. रांगेत शेवटी. शोभतं मला.

या पोरीचे उपकार कसे फेडू? आभाराचं पहिलं वाक्य सुरू केलं, तर म्हणाली, “नको बाबा, त्यापेक्षा चहा करा.” केला. साखर विसरलो. तशीच प्यायली.

७ मार्च, शुक्रवार

पाच ते साडेपाच. सर्व्हरच्या नोंदीत एकही खोळंबा नाही. तरी धाकटी पडली! तीनदा, पूल वळतो तिथेच. मी नोंदी पुन्हा वरपासून चाळायला घेतल्या.

फोन वाजला.

“दादा, आता सर्व्हरला हात लावू नकोस हं. बाई आल्यात. त्यांना सांगितलं, उजव्यानेच खेळणार. डावीकडे वळताना अडतो तो. आजवर कळतच नव्हतं ना, नेमका कुठे!”