भट्टीमागची हद्द

४ फेब्रुवारी

आला! स्वतःच्या पायांनी चालत आला.

दुपारी शिपाई सांगत आला, कुणीतरी भेटायला आलंय, मोजणीचा अर्ज आहे. म्हटलं, पाठव. दार उघडलं आणि समोर भट्टीवाला! पोट सुटलंय, केस काळे केलेत, पण चाल तीच. पायाखालची जमीन बापाचीच असल्यासारखी. हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव ऐकून आहे. तुम्ही आल्यापासून ऑफिसला शिस्त लागली म्हणतात सगळे."

नाव ऐकून आहे म्हणे! लग्नानंतरचं नाव. पण चेहरा? माझ्या तोंडाकडे बघत बोलत होता आणि डोळ्यांत ओळखीचा लवलेश नाही. मी ज्याला आजवर एक दिवस विसरले नाही, त्याच्या लेखी मी नाहीच!

"बसा," मी म्हणाले. इतक्या गोड आवाजात की माझं मलाच नवल वाटलं.

वीटभट्टी बंद केलीय त्याने. कालव्याच्या कडेच्या जमिनीचे प्लॉट पाडले, बहुतेक विकूनही झाले, लोकांनी घरं बांधायला घेतलीत. आता त्यांना हद्दीचा दाखला हवाय, आणि याचेही शेवटचे चार प्लॉट दाखल्यावाचून अडलेत. "मागची मोजणी आहेच की तुमच्याकडे. तिच्यावर शिक्का मारला की आपण मोकळे."

मागची मोजणी! ती कशी झाली ते मला विचार ना.

चहा पाजला मी त्याला. साखर दोन चमचे.

५ फेब्रुवारी

हे कधी कागदावर उतरवलं नव्हतं. आज उतरवते.

मोजणी खात्यात मी पहिली बाई. नवी नवी होते, खांद्याला यंत्र, डोक्यात वारं. भट्टी कालव्याच्या सरकारी जागेत सरकलीय, अशी शेजाऱ्याची तक्रार होती. मला पाठवलं. तिपाई रोवून यंत्र लावत होते तोच भट्टीवाला आला. आपल्या माणसांना म्हणाला, "अरे, पोर उन्हात करपेल. सावलीत बसवा तिला." मला वाटलं, खरंच सावलीत बसवताहेत! नेऊन कोळशाच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

फळ्यांच्या फटीतून दिसत होतं सगळं. तिपाईला लाथ. यंत्र खाली. त्यातल्या काचेचे तुकडे. आणि हसणं — सगळी भट्टी हसत होती. अंधार पडल्यावर कडी काढली. घरी गेले ती नखशिखांत काळी.

खरी गंमत पुढेच आहे. आमचे तेव्हाचे साहेब तक्रार करायची सोडून मलाच त्याच्या घरी घेऊन गेले. माफी मागायला! न विचारता आवारात शिरले म्हणून. तो जेवत होता. मला उभंच ठेवलं. मी "चुकलं" म्हणाले. तो म्हणाला, "अरे, मॅडमना पाणी द्या कुणीतरी, कोळसा खाऊन घसा सुकला असेल." साहेबही हसले.

मग साहेबांनी दुसऱ्या माणसाकडून मोजणी उरकून घेतली. भट्टीवाल्याने बोट दाखवलं तिथे हद्द! हीच ती "मागची मोजणी".

ते साहेब मेले. त्यांचं उट्टं राहिलं. याचं राहू देणार नाही.

१० फेब्रुवारी

लंबूला बोलावलं. खात्यातला सगळ्यात जुना मोजणीदार, दारातून वाकून येतो. सांगितलं — भट्टीच्या जमिनीची नव्याने पूर्ण मोजणी. जुना कागद धरायचा नाही. कालव्याचा दगडी पूल आणि जुनी मोरी, या दोन न हलणाऱ्या खुणा धरून सगळं काढायचं. आणि मी स्वतः येणार.

तो म्हणाला, "मॅडम, असल्या अर्जाला आपण जुन्या मोजणीवरच शिक्का मारतो. शंभरातल्या नव्वदांना."

"हा उरलेल्या दहांतला."

"राग घेऊन यंत्राला डोळा लावू नये, मॅडम."

"राग कुणाला आलाय?"

"मी तेव्हाही याच खात्यात होतो."

"होतात ना. आणि तोंडातून शब्द काढला नाहीत!"

मान खाली घालून वाकून गेला बिचारा. बिचारा कसला? तेव्हा उभा राहिला असता माझ्या बाजूने, तर?

दोनांपैकी एक यंत्र दुरुस्तीला गेलंय. दुसरं सोमवारी त्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या कुंपणासाठी ठरलं होतं. शेजारी त्यांच्या दारातच भिंत घालतोय, कधीपासून फेऱ्या मारताहेत. त्यांना पुढची तारीख दिली. सोमवार भट्टीवाल्याचा.

११ फेब्रुवारी

शिक्षिकाबाईंचा फोन. दोनदा. उचलला नाही.

१३ फेब्रुवारी

जेवताना यांना सांगितलं, सोमवारी कुणाची मोजणी आहे ते. यांना जुनं प्रकरण लग्नापासून ठाऊक. वाटलं, म्हणतील — शाब्बास! तर म्हणाले, "तू कशाला जातेस? तू आता साहेब आहेस. कुणालातरी पाठव. नाहीतर देऊन टाक शिक्का, सोड विषय."

"सोड? तुमच्या अंगाला लागला होता का तो कोळसा?"

काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग पाणीच प्यायले. ताटात अर्धी पोळी तशीच. नेहमीचंच! शेपूटघालू स्वभाव. भांडण आलं की हे बागेत.

१५ फेब्रुवारी, रविवार

लेक-जावई जेवायला होते. लेकीला आजवर एवढंच माहीत की आईचं त्या माणसाशी वाकडं आहे. आज अथपासून इतिपर्यंत सांगितलं. कोळसा, कडी, माफी, पाणी. सांगताना मला हुंदका आला, इतक्या वर्षांनी!

पोर पांढरीफटक पडली. जावई ताटाकडे बघत बसला. लेकीने हळूच विचारलं, "आई, पण मोजणी करायलाच हवी का?"

"करायलाच हवी. आणि अशी करणार की त्याच्या सात पिढ्यांना हद्द म्हणजे काय ते कळेल."

तिने माझा हात धरला, घट्ट. किती वेळ सोडेना. शेवटी पोटच्या पोरीलाच कळतं. यांना नाही कळायचं.

१६ फेब्रुवारी

काय दिवस होता!

सकाळीच पोचलो. भट्टीवाल्याने छत्री, खुर्ची, थंड पेयं मांडून ठेवलेली. "मॅडम, सावलीत बसा." तेच शब्द! आणि त्याला पत्ता नाही. मी म्हटलं, "आज मी उन्हातच बरी."

यंत्र आधी पुलावर लावलं, मग मोरीपाशी. काठी धरायला दोन माणसं. दर जागेची दोनदा मोजणी करायला लावली. पहिल्यांदा मी डोळा लावायचा, मग लंबूने. चुकीला जागाच ठेवायची नव्हती. उद्या वरून कुणी पथक आणलं तरी एक बोट इकडचं तिकडे निघता कामा नये.

भट्टीवाला ज्याला हद्दीचा दगड म्हणतो तो विटांच्या चुऱ्यात कंबरेपर्यंत पुरलेला. आम्ही पुलावरून आणि मोरीवरून खरी जागा काढली, तर दगड कालव्याच्या जमिनीत कुठच्या कुठे! लंबूसुद्धा हसला. "या दगडाला पाय फुटलेत, मॅडम."

खरी रेघ वस्तीतून जाते. त्याचे उरलेले चारही प्लॉट पलीकडे, सरकारी जागेत. आणि घरांची मागची अख्खी रांग पलीकडे. काहींची नुसती जोती, काहींच्या भिंती, एकदोन घरांवर स्लॅब पडलेला. त्या जोत्यांवरून फिरत फिरत मी स्वतः चुन्याची रेघ मारली. हात जरा म्हणून हलला नाही! लंबूला म्हटलंही, "बघा, राग घेऊन आले होते ना?"

तो म्हणाला, "रेघ बरोबर आहे, मॅडम. रेघेबद्दल मी काहीच म्हटलं नव्हतं."

१८ फेब्रुवारी

अहवालावर सही केली. एक प्रत कालवा खात्याला, एक नगर कार्यालयाला, एक कलेक्टरांना. साहेबलोकांच्या भाषेत — "अतिक्रमण निष्पन्न". माझ्या भाषेत — घे!

पेन खाली ठेवलं आणि हसू फुटलं. एकटीच हसत होते केबिनमध्ये. शिपाई डोकावून गेला.

२३ फेब्रुवारी

भट्टीवाला आला. या वेळी हात जोडलेले नव्हते.

"मॅडम, हे काय केलंत? जरा सांभाळून घ्यायचं."

मी दार लावून घेतलं. किती वेळा घोकलं होतं हे वाक्य! म्हटलं, "मला ओळखलंत?"

बघत राहिला. मग मी सांगितलं. भट्टी. यंत्र. कोळशाची खोली.

तो कपाळाला आठ्या घालून आठवू लागला. मग चेहरा उजळला — उजळला! "अच्छा, ती पोरगी तुम्ही होय! अरे वा. म्हणजे शिकून मोठ्या झालात." आणि हसला. "एवढं काय धरून बसलात, मॅडम? तेव्हा आमचं वयच तसं होतं."

त्याला घाम फुटायला हवा होता. पाय धरायला हवे होते त्याने!

उठताना म्हणाला, "चार प्लॉट गेले तर गेले. बाकीचे विकून मी हात धुतलेत. खटला म्हणाल तर चालू दे, वकील आहेत, मी मरेपर्यंत चालेल. पाडापाडी होईल ती घेणाऱ्यांची. त्यांना उत्तर तुम्ही द्या."

कप भिंतीवर फेकला. तो गेल्यावर. असल्या वेळी फेकून काय उपयोग!

२४ फेब्रुवारी

नाही. सुटू देणार नाही. पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या, म्हणून कलेक्टरांना वेगळा अहवाल पाठवला. हद्दीचा दगड हलवला, हा स्वतंत्र गुन्हा. कोर्टात साक्षीला मी उभी राहीन. वकील आणू दे की वकिलाचा बाप.

२६ फेब्रुवारी

कालवा खात्याने मागच्या रांगेला पाडकामाच्या नोटिसा लावल्या. एवढ्या झटपट कामाला लागलेलं हे खातं मी जन्मात पाहिलं नव्हतं!

सकाळपासून वस्तीतले लोक ऑफिसच्या जिन्यावर. एक बाई तान्हं मूल घेऊन थेट आत आली. "मॅडम, आम्हाला काय ठाऊक दगड हलवलाय ते?" मी म्हटलं, घेण्याआधी मोजून घ्यायचं होतं. नियम सगळ्यांना सारखा. रडली. शिपायाने बाहेर नेलं.

वाईट वाटलं. नाही असं नाही. पण ही पापं माझ्या माथी का? ज्याने फसवलं त्याच्या दारात जाऊन रडा ना!

लंबूने आठवडाभराची रजा टाकली. कारण लिहिलंय, "घरगुती". याला कसलं आलंय घर? एकटा राहतो.

२७ फेब्रुवारी

शिक्षिकाबाईंच्या शेजाऱ्याने भिंत पुरी केली. आता मोजणी नको म्हणून त्यांनीच कळवलंय.

२८ फेब्रुवारी

घरी आले तर लेक-जावई आलेले, आणि हे बागेत न जाता त्यांच्यात बसलेले. जावयाने नोटीस टेबलावर ठेवली. मागच्या रांगेतलं तिसरं घर पोरांचं. होतं नव्हतं ते सगळं त्यात घालून बसलीत. बयाणा दिल्यावर यांना सांगितलं, हे म्हणाले मी वेळ बघून आईला सांगतो, आणि रविवारी सांगायचंच म्हणून दोघं आली होती जेवायला.

लेक म्हणाली, "आई, मोजणीत काही चूक होऊ शकते का गं?"

होऊ शकत नाही. दोनदा केली आहे. मी केली आहे.