‘सॉरी’ला मराठीत काय म्हणतात

बेलवली, बदलापूर (प.)
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सरूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं. अंबरनाथहून बदलापूरला ते इतक्या दिवसांनी येतं, की तेवढ्यात तू चालत आला असतास. कानाची मशीन शिट्टी मारते म्हणून काढून ठेवलीस हे वाचून रागही आला आणि हसूही. फोनवर बोलणं तर बंदच झालं, पण निदान कुकरची शिट्टी तरी ऐकू येते ना?

एक विचारायचं आहे. तू जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंस, म्हणून तुलाच विचारते. ‘सॉरी’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

रिक्षात कुणाचा पाय लागला तरी सॉरी म्हणतात, एवढं मला कळतं. ज्याची चूक, तो म्हणतो. पण गेल्या वर्षी उल्हासनगरच्या हॉस्पिटलात हे गेले, त्या सकाळी तू नव्हतास. ते तरुण डॉक्टर, शौनक नावाचे, आयसीयूतून बाहेर आले, खाली बघत “सॉरी, मावशी” म्हणाले आणि लगेच आत गेले. पुढचं सगळं नर्सने सांगितलं.

चुकलं नसेल तर माणूस माफी कशाला मागेल? वर्षभर मी हाच विचार करते आहे. औषध उशिरा दिलं असेल, नळी नीट लावली नसेल. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी मनातल्या मनात त्या मुलाला जाब विचारते. उन्मेषला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला की आई, डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतात, पद्धत असते ती. ते ऐकून मला जास्तच लागलं. म्हणजे एक तर त्यांनी ह्यांच्या बाबतीत चूक केली, नाहीतर नुसती पद्धत पाळली. यातलं कुठलं खरं धरू?

हे बोलायला इथे कोणी नाही. आमच्या मजल्यावरचे सगळे सकाळी कामाला जातात ते दिवेलागणीनंतर येतात. मधल्या वेळात जिन्यातली मांजर तेवढी.

सवडीने उत्तर लिही. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझी,
सरू


शिवमंदिर रस्ता, अंबरनाथ
९ फेब्रुवारी २०२५

चि. सरूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. समोर उभा राहून ती उडताना बघतो. आतापर्यंत डाळ एकदाच करपली, म्हणजे काळजीचं कारण नाही.

तुझ्या नावाआधी काय लिहावं, इथे हल्ली दर वेळी हात अडतो. ‘सौ.’ लिहायची सवय, आणि ‘गं. भा.’ लिहायला मन घेत नाही. म्हणून लहानपणीचं ‘चि.’ तेवढं ठेवलं आहे. चालवून घे.

आता तुझा शब्द. तुझं काही चुकलेलं नाही, कारण आज या शब्दाचा पहिला अर्थ ‘माझं चुकलं’ असाच झाला आहे. पण मुळात तसं नव्हतं. जखमेला, ठणक्याला इंग्रजीत ‘सोअर’ म्हणतात, त्याच मुळापासून हा शब्द आला. दुःखाला ‘सॉरो’ म्हणतात तोही याचाच भाऊ असावा असं वाटतं, पण दोघांची मुळं वेगळी आहेत. म्हणजे जुन्या काळी ‘सॉरी’ म्हणणारा माणूस माफी मागत नव्हता, मला दुखतंय असं सांगत होता. पुढे चूक करणाऱ्यालाही दुखायचंच, म्हणून तोही तसं म्हणू लागला आणि माफीचा अर्थ वर आला.

आपल्याकडेही हे झालं आहे. ‘दिलगीर’ म्हणजे खरं तर मनाने खिन्न. पण वर्तमानपत्रात ‘आम्ही दिलगीर आहोत’ असं छापून आलं, की आदल्या दिवशी काहीतरी चुकीचं छापलं होतं हे आपण ओळखतो.

तेव्हा त्या डॉक्टरला वाईट वाटलं असेल, एवढाच अर्थ असू शकतो. उन्मेष म्हणतो तशी पद्धतही असू शकते. शब्दाचं मूळ मी सांगेन, पण त्या मुलाच्या मनात काय होतं ते डिक्शनरीत सापडायचं नाही. सरू, त्यालाच जाऊन विचार. वर्षभर ज्याला मनातल्या मनात जाब विचारलास, त्याला एकदा समोरासमोर विचारायला काय हरकत आहे?

प्रकृतीला जप. माझे आशीर्वाद सदैव तुझ्यापाशी आहेत.

तुझा,
दादा


बेलवली
२१ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आले. उन्मेषला कळवलं नाही. त्याने अडवलं असतं.

बाकावर पुष्कळ वेळ बसून होते. शेजारच्या सिंधी आजींनी मला पेशंट समजून काय होतंय म्हणून विचारलं, तर मला सांगता येईना. नंबर आला तेव्हा डॉक्टर शौनकनी मला ओळखलं नाही. ह्यांचं नाव सांगितलं, जयदेव, तारीख सांगितली, तेव्हा हातातलं पेन खाली ठेवलं. मी घरून ठरवून नेलेलं वाक्य म्हटलं, “तुमच्या हातून काय चुकलं होतं?”

पोरगा घाबरला रे. आपली तक्रार होणार असं त्याला वाटलं असावं. मग त्याने सगळं समजावलं. ह्यांच्या हृदयात आधीपासूनच जोर उरला नव्हता. ते थांबल्यावर एकदा चालू झालं, दुसऱ्यांदा मात्र झालं नाही. त्याने कागद काढून दाखवले. मला खरं वाटलं. खोटं बोलणारा इतकं अडखळत नाही.

मी म्हटलं, “मग सॉरी का म्हणालात?”

त्याने कागद मिटून ठेवले. मग म्हणाला, “दुसरं काय म्हणायचं ते कळलं नाही, मावशी. मराठीत काय म्हणतात?”

दादा, मलाही सुचेना. अख्खं आयुष्य मराठीत गेलं, किती घरी भेटायला गेले, पण काय म्हणाले ते आठवेना. शेवटी सांगितलं, “आपल्यात काही म्हणत नाहीत. जाऊन जवळ बसतात.”

त्यावर तो म्हणाला की त्या दिवशी शेजारच्या खाटेवरही तसाच पेशंट होता, बसायला वेळ नव्हता. बाहेर रांग होती. मी उठले, तर दारापर्यंत आला.

तुला वाटेल आता मन हलकं झालं असेल. तसं झालं नाही. वर्षभर मी त्या मुलाशी भांडत होते, म्हणजे घरात माझ्यासोबत कोणीतरी होतं. आता ते भांडण संपलं आणि घरात मी एकटीच राहिले. कोणाचीच चूक नव्हती, तरी हे गेले. त्याचं आता काय करू?

आज पहिल्यांदा दुपारी रडले. पुष्कळ रडले. मग उठून तोंड धुतलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

तुझी,
सरू


अंबरनाथ
२७ फेब्रुवारी २०२५

चि. सरूस,
अनेक आशीर्वाद.

काल महाशिवरात्र झाली. देवळाची रांग आमच्या दारावरून गेली. माणसांची तोंडं हलताना दिसत होती, पोरं पिपाण्या फुंकत होती, मला काहीच ऐकू येत नव्हतं. एवढ्या गर्दीत खिडकीत बसून मी तुझं पत्र पुन्हा वाचलं.

 शब्दाचा अर्थ विचारलास म्हणून पानभर लिहिलं, ‘त्याचं आता काय करू’ यावर एक ओळही सुचत नाही. तू त्या डॉक्टरला सांगितलंस ते मात्र बरोबर आहे.

शेजारचा अक्षय मंगळवारी मला रिक्षाने तुझ्याकडे सोडणार आहे. चार कपडे, गोळ्या आणि चष्मा एवढंच सामान आहे. किती दिवस राहीन ते ठरवलेलं नाही. मला ऐकू येत नाही आणि तुला बोलवत नाही, त्यामुळे आपलं छान जमेल. मशीन घेऊन येतो. मन मोकळं करावंसं वाटलं तर लावीन, मग ती किती का शिट्ट्या मारेना.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. ते इथे येईल तेव्हा घराला कुलूप असेल.

तुझा,
दादा