भाकरी फुगली, हे कळावे

नवलगुंद, सोमवार

चि. विरुपाक्षप्पा यास शिवपुत्रप्पाचे शरणु आणि आशीर्वाद.

सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? तेल चोळून घेतात, की अजून बाटली उशाशी ठेवूनच गुण यायची वाट बघतात? शांतव्वाचा रक्तदाब खाली आला का? (तू घरात नसताना मोजायला सांग, खरा आकडा कळेल.) तुझ्या पित्ताबद्दल मी विचारणार नाही, कारण तू फार सविस्तर सांगतोस. व्यालेली म्हैस आणि रेडकू खुशाल असावेत. आणि तुझ्या अक्काचं मनगट? हे मुद्दाम शेवटी विचारलं, नाहीतर पत्र उघडताच तुम्ही सगळे एकमेकांकडे बघून हसला असता. प्लास्टर निघालं, पण यापुढे भाकरी थापायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं, हे कळलं. पंचमीला माहेरी जावं, झोका घ्यावा, सगळं कबूल. पण नातवंडं असलेल्या बाईनं उभ्यानं झोका घेऊन चिंचेच्या फांदीला पाय लावायची पैज मारावी? मला फोनवर तिनं आधी फांदीला पाय लागल्याचं सांगितलं, हात मोडल्याचं नंतर.

"दाजी, तुम्हीच इकडे राहायला या, दोघांची सोय होईल," असं तू लिहिलंस. सोय होईल रे, पण इथलं घर कुलूप लावून किती दिवस घर राहील? मी तिला म्हटलं, खानावळीचा डबा लावतो. तर म्हणाली, "लावा की. ज्या घरात भाकरी पुडक्यातून येते, तिथं मी पाहुणी म्हणूनसुद्धा येणार नाही." मग म्हटलं, मी थापतो. त्यावर ती एवढी हसली की मनगटाला कळ आली, आणि तो दोषही माझ्याच पदरात पडला. तरी शेवटी ठरलं: माझी भाकरी तव्यावर नीट फुगायला लागली की ती घरी येणार.

तेव्हापासून मी चुलीपुढे आहे. पहिल्या दिवशी पीठ गार पाण्यात मळलं. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पडतात तशा भेगा पडल्या. दुसऱ्या दिवशी उकळतं पाणी घेतलं, आणि पीठ सोडून बोटंच शिजवली. एक भाकरी परातीला अशी चिकटली की ती उलथण्यानं खरवडून उप्पीट समजून खाल्ली. उरलेलं शेजारच्या नीलव्वाच्या शेळीपुढे टाकलं, तर तिनं वास घेऊन तोंड फिरवलं. (ही शेळी निवडणुकीचे कागद खाते.)

नीलव्वाच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच भिंत. थापायचा आवाज पलीकडे जसाच्या तसा जातो. आपल्याकडे बायका आवाजावरून कोणाच्या घरात काय चाललंय ते ओळखतात, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यात काय चाललंय तेही ओळखतात, हे नव्हतं. थाप जरा चुकली की पलीकडून हाक येते, "काय हो अण्णा, गाडी कुठं निघाली?" आणि खरंच त्या वेळी मी मनानं बँकेत असतो, नाहीतर पाठीमागच्या कौलांवर. "परत या, परत या. भाकरी इथं आहे," म्हणते. शिस्तही फार. परात मांडली की भिंतीपलीकडून सांगते, "थांबा जरा, एवढ्यात सुरू करू नका." मग काही वेळानं, "हां, चालू द्या." बाई स्वतःची कामं आटोपत असेल, म्हणून मीही थांबतो.

तुझ्या मुलानं माझ्या मोबाइलमध्ये मन शांत करायचं काहीतरी घालून दिलं आहे. त्यातला माणूस म्हणतो, श्वास आत घ्या. मी घेतो. तो पुढे काय म्हणतो ते मला अजून माहीत नाही, कारण तोवर मी घोरायला लागतो. पण विरुपाक्षा, तो जे शिकवत असेल ते मला परातीनं शिकवलं. सगळा जन्म मी एसटी चालवली. ड्रायव्हर बसलेला असतो एका जागी आणि असतो पुढच्या वळणावर. जेवताना मी पानसुपारीवर असायचो, लग्नात परतीच्या प्रवासात. भाकरीला हे चालत नाही. पुढे बघितलं की कड फाटते. मागचं आठवलं की मध्ये जाड होते. हाताखाली पीठ फिरतंय, तेवढंच बघायचं. आता सकाळी तेवढा वेळ मी जिथं असतो तिथंच असतो, आणि खरं सांगतो, जागा फार चांगली आहे.

काल तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, फडक्यानं कडेला हलकेच दाबली, आणि ती फुगली. पुरीसारखी टम्म! मी ओरडलो. नीलव्वा धावत आली, भाकरीकडे बघून म्हणाली, "अण्णा, ओरडू नका, बसेल." (बसली.) पण नंतरच्याही फुगल्या. शेंगांची चटणी, कांदा, दही घेऊन जेवलो. अक्काला म्हणावं, घाई नाही. हवं तेवढं राहू दे. माझं उत्तम चाललंय.

तुझा,
शिवपुत्रप्पा

ता. क. – घाई नाही हे मी तिच्यासाठी लिहिलं, कारण पत्र आधी तीच फोडणार. गरम भाकरी एकट्यानं खाववत नाही. शुक्रवारच्या सकाळच्या गाडीत बसवून दे. ड्रायव्हर माझ्या हाताखाली शिकलेला आहे, पुढची सीट धरून ठेवणार आहे.

आणखी एक – परवा मी थापता थापता मुद्दाम थांबलो. तर भिंतीपलीकडून माझ्या बायकोचा आवाज आला, "अगं नीलव्वा, झोपले की काय हे?" मी विचारलं, तर नीलव्वा म्हणाली, रेडिओ होता. म्हणजे नीलव्वा रोज भिंतीला फोन लावून धरते, आणि तिकडे तुझ्या घरात माझी भाकरी ऐकली जाते. मला कळलंय, हे तिला कळू देऊ नकोस. (हा भाग तिनं वाचला असेल तर वाचला नाही असं समजावं.) तेव्हापासून शेवटची भाकरी झाल्यावर मी रिकाम्या परातीवर दोन थापा जास्त मारतो. त्या कशाच्या, हे तिला बरोबर कळतं.

उत्तर लवकर लिही, आणि लिहीच. फोन करू नकोस. सकाळच्या वेळी तर मुळीच नको, तेव्हा लाइन गुंतलेली असते.