काळ्या दरवाज्याकडे निघालेली

बाबा,

काल नारायणगुड्यातल्या ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये मी तुमची गोष्ट वाचून दाखवली. आता ती माझीही आहे, पुस्तकावर नाव माझं आहे. पुस्तकांचे गठ्ठे मी स्वतः जिन्यावरून वर नेले आणि वर पोचल्यावर मुद्दाम कुठंही टेकले नाही. समोर पंचवीस-तीस मुलं होती, बहुतेक आईबापांनी ओढून आणलेली. घरी मराठी बोलतात, पण शाळेत ती नसते, वाचायला घेतलं की अडखळतात; म्हणून तर मोठ्यानं वाचायचं ठरलं होतं. सुरुवातीला मागच्या रांगेत मोबाईल चालू होते. विहिरी खोदणाऱ्याची मुलगी कमरेला दोर बांधून जादूगाराच्या किल्ल्यात उतरली, तेव्हा एकेक मोबाईल खिशात गेला. मला तेव्हा तुमचं रविवारचं स्वयंपाकघर आठवत होतं.

आईची दवाखान्यात रविवारी ड्यूटी असायची, त्यामुळे त्या दिवशी स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात. आठवडाभर आबिड्सच्या कचेरीत मान मोडून काम करणारे तुम्ही, रविवारी खांद्यावर टॉवेल टाकून अंबाडी घातलेलं मटण करायचात. मी शेजारी पाटावर. धावायचं नाही, जिना चढायचा नाही, कारण माझ्या हृदयाला जन्मापासून भोक. खेळायला जाता येत नाही म्हणून तुम्ही मोहीमच घरात आणलीत: ती मुलगी, तिचा उंटवाला म्हातारा सोबती, आणि वाटेतली भुतं-राक्षसं. एका रविवारी मी गोष्ट मध्येच तोडते. वरच्या मजल्यावरची काकू आईला सांगत होती, पोरगी आयुष्यच कमी घेऊन आलीय, कपाळावरचं कोण पुसणार, ते मी ऐकलेलं असतं. मी विचारते, "बाबा, माझ्या कपाळावर काय लिहिलंय?" तुम्ही वाकून नीट बघता. "पीठ लागलंय," म्हणता आणि टॉवेलनं पुसून टाकता. मग भाकरी थापता थापता मोहिमेला वाटेत एक म्हातारी चेटकीण भेटवता. चेटकीण त्या मुलीला सांगते, "काळ्या दरवाज्यात तुझं मरण आहे." उंटवाला रडायला लागतो, परत फिरू म्हणतो. मुलगी थोडा विचार करते आणि म्हणते, "म्हणजे काळा दरवाजा येईपर्यंत मला कुणी मारू शकत नाही. चला, मामू, उंट हाका." मी इतकी हसले की तुम्ही घाबरून माझ्या छातीवर हात ठेवलात.

पण ऑपरेशन ठरलं तेव्हा माझं हसू गेलं. कुणी विचारलं की मी मोठ्या बाईसारखं म्हणायचे, "नशिबात असेल तर जगेन." तुमच्यासमोर म्हणाले तेव्हा तुम्ही हातातला डाव खाली ठेवलात. तुमचा आवाज चढला नाही, पण तसा कडक आवाज मी तुमचा आधी ऐकला नव्हता. "हा शब्द आपल्या घरात नक्को. तुझ्या आजोबांना गावानं सांगितलं होतं, वेशीबाहेरचं घर आणि मेलेली ढोरं ओढणं तुमच्या नशिबात आहे. सांगणारे सगळे वेशीच्या आत राहत होते. आजोबा एक ट्रंक घेऊन गाडीत बसले आन् इथं नामपल्ली स्टेशनावर उतरले. ते नशीब त्यांनी ट्रंकेत भरलं नव्हतं." मी विचारलं, "आणि मी मेले तर?" तुम्ही माझ्याशेजारी जमिनीवर बसलात. "मरण वेगळं, बेटा. ते राजाला येतं, उंटाला येतं. त्याची भीती वाटली तर वाटू दे. नशीब मात्र लोक दुसऱ्याला वाटत फिरतात. ते घ्यायचं नाही." मोहिमेवर निघालेल्या माणसांविषयी एवढी खरी गोष्ट मी नंतर कुठंच वाचली नाही, आणि वाचलं मी पुष्कळ.

ऑपरेशनच्या सकाळी मला स्ट्रेचरवर घेतलं आहे आणि मी हट्ट धरते की काळ्या दरवाज्यापलीकडं काय आहे ते आत्ता सांगा. तुमचे ओठ सुकलेले. तुम्ही म्हणता, "तिला तरी कुठं माहीत आहे? पलीकडं जाऊन काय करायचं, तेवढं तिनं ठरवलंय. तू काय करणार?" मी म्हणते, नुमाइशच्या जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसणार. डॉक्टरांनी त्याला कायमचं नाही म्हटलेलं होतं. तुम्ही म्हणता, "बरं. मीही बसेन." आणि पुढच्या हिवाळ्यात, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, नामपल्लीच्या मैदानात तुम्ही खरंच बसलात. पाळणा वर जाऊन थांबला तेव्हा खाली सगळं शहर दिव्यांनी भरत चाललं होतं, मी ओरडून ओरडून एकेक जागा दाखवत होते, आणि तुम्ही दोन्ही हातांनी दांडा धरून डोळे घट्ट मिटून घेतले होते. "खाली आलो की सांग," म्हणालात. तुम्हाला उंचीची एवढी भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या ऑपरेशन झालेल्या हृदयाची धडधड मला पहिल्यांदाच आवडली तीही त्याच दिवशी.

तुमची वेळ आली तेव्हा मला नुकती नोकरी लागली होती. मी तुमच्या खाटेशी बसून रडत होते, हे असं का व्हावं म्हणून कुणाकुणाला दोष देत होते. तुम्ही माझा हात थोपटलात. "परेशान होऊ नको. नशिबाला मी दारात उभं केलं नाही. हे नुसतं मरण आहे." त्या 'नुसतं'वर मी कितीतरी वर्षं चिडून होते. मग हळूहळू त्याच शब्दाचा आधार वाटायला लागला, आणि मी गोष्ट लिहायला बसले.

लिहून झाल्यावर पुण्याच्या एका प्रकाशकांनी ती आवडल्याचं कळवलं. फोनवर म्हणाले, "फक्त एक बदल करा. साधी विहीर खोदणाऱ्याची पोर एवढा पराक्रम करते, हे वाचकाला पटत नाही. शेवटी ती हरवलेली राजकन्या निघू द्या. दंडावर जन्मखूण दाखवा. तिच्या जन्माआधीच भविष्यवाणी झाली होती, असं करा." मी म्हटलं, "भविष्यवाणी आहे की. ती मरणार अशी." ते म्हणाले, "ते उदास वाटतं हो. तिची निवड झालेली असायला हवी." पुस्तक छापून यावं म्हणून माझा जीव किती तळमळत होता, ते तुम्हाला सांगायला नको. पण जन्मानं ठरलेलं मोठेपण तिच्या अंगावर चढवायचं, तर जन्मानं ठरलेला कमीपणाही खरा मानावा लागतो. मी म्हटलं, "ती विहीर खोदणाऱ्याचीच मुलगी राहील." "मग पुस्तक राहील," ते म्हणाले. मी म्हटलं, "राहू द्या." पुढं आणखी दोघांनी परत पाठवलं. शेवटी मराठवाड्यातल्या एका लहानशा प्रकाशन संस्थेच्या बाईंनी वाचलं आणि फोनवर एवढंच म्हणाल्या, "एका अक्षराला हात लावू नका. मी छापते."

तर काल मी शेवटच्या प्रकरणाशी आले, आणि पुढच्या रांगेतली दोन वेण्या घातलेली एक मुलगी उठून उभी राहिली. "आंटी, वो मरती क्या? आत्ताच सांगा. मग मी ऐकते." तिची आई तिला खाली ओढत होती. मी विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मरू दे ना. पण दरवाजा खोलून मरू दे." हॉलमध्ये गलका झाला. अर्धी मुलं म्हणत होती परत फिर, अर्धी म्हणत होती जा. मी आवाज चढवून वाचलं. शेवट तुम्ही मला कधीच सांगितला नव्हता, तो मी रचला आहे. ती काळ्या दरवाज्याशी पोचते, ढकलते, तो उघडत नाही. मग बापाची कुदळ घेऊन ती बिजागऱ्याच उखडते. पलीकडच्या तहानलेल्या गावात विहीर खोदते, आणि दरवाज्याच्या लाकडाची खाट करते. म्हातारपणी त्या खाटेवर, नातवंडांशी भांडता भांडता मरते. चेटकिणीचं भाकीत खरं ठरतं, आणि त्यानं तिचं काहीही वाकडं होत नाही.

मागची पोरं हसायला लागली, आणि टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. वेण्यावाली मात्र कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिली. शेवटी म्हणाली, "चलता." त्या एका शब्दावर मी नारायणगुड्यापासून घरापर्यंत चालत आले, बाबा. छाती काढून.

हे पत्र मी कुणालाही दाखवणार नाही, आणि तुम्हाला ते मिळणारही नाही, म्हणून एक सांगून टाकते. रविवारच्या पेपरातलं राशिभविष्य मी वाचते. विश्वास नाही, तरी आधी तेच पान उघडते. या आठवड्यात माझ्या राशीला प्रवासाचा योग आहे.