खिळ्याला टांगलेला बूट

श्री. हौसेराव व्याहीबुवांना,

सारसोळ्याहून गोटीरामचा रामराम. विहीणबाईंना नमस्कार, आमच्या प्रियाला आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? (हे आमची ही, पुतळा, विचारते आहे. मी फक्त लिहितोय.) इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे मी सोडून सगळे. फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि माझा मुद्दा राहून जातो, म्हणून हे पत्र. आता मधे बोलून दाखवा.

तर काल तुमचा निरोप मिळाला. तुमच्या भातशेतात सापडलेला माझा उजवा बूट तुम्ही ओटीवर खिळ्याला टांगलाय, आल्यागेल्याला दाखवताय, आणि वर म्हणताय की ज्याचा बूट त्याने स्वतः उंबरा ओलांडून न्यावा, तोवर बूटही मिळणार नाही आणि सूनही माहेरी जाणार नाही. व्याहीबुवा, पोरीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तुमच्याही घरचा रिवाज आहे आणि आमच्याही. त्यात बुटाची अट कुठून आली? पुतळाने माळ्यावरचा पाळणा काढून धुऊन ठेवलाय. तो बघत बसायचं का आम्ही?

आणि उंबऱ्याचं म्हणाल तर जत्रेच्या जेवणात, भर पंगतीत कोण म्हणालं होतं, "आमच्या व्याह्यांचं पाय आता फरशीचं झालं, चिखलान टिकनार नाय"? अख्खी पंगत हसली. माझ्या तोंडात मटण होतं म्हणून तुम्ही वाचलात. अहो, आमची शेतं गेली, इमारती उभ्या राहिल्या, महिन्याला भाडं येतं, सगळं कबूल. पण ज्याचं अर्धं आयुष्य खाडीकाठच्या चिखलात गेलं, त्याच्या पायांवर बोलायचं? तेव्हाच मी शपथ घेतली की तुमचा उंबरा पुन्हा चढणार नाही. (जेवण पूर्ण करून मग घेतली. अन्नावर राग नको.)

आता बुटाचं. हा सगळा दोष आमच्या हरेशचा. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. नुसतं चाला म्हणाले. पण चिरंजीव चालायचे खास बूट घेऊन आले. एकेक बूट किलोभराचा, तळाला ट्रॅक्टरच्या टायरसारखे दात, आणि खोक्यावर लिहिलेलं ‘वॉटरप्रूफ’. मी जन्मभर चपलेत चाललो, चिखल आला की चपला हातात. यांच्या नाड्या सोडेपर्यंत चिखल वाळून जाईल. त्यात लग्नाकार्यात पायताणं बदलतात, म्हणून पुतळाने भांड्यांवर नाव घालतात तसं दोन्ही बुटांवर लाल नेलपॉलिशने ‘गोटीराम, सारसोळे’ असं ठसठशीत लिहून ठेवलं. नाहीतर बूट कोणाचा हे तुम्हाला सात जन्मांत कळलं नसतं.

बूट आलेत तर वापरा, म्हणून हरेशने मोबाईलवर स्वस्तातली सहल शोधली. दोन दिवस गावात मुक्काम, चुलीवरचं जेवण आणि ‘भातलावणीचा अनुभव’. ती नेमकी तुमच्या गावात निघाली, त्याला मी काय करू? आमची म्होरकी मनाली नावाची एक शहरातली बाई, गळ्यात शिट्टी. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, याला भाताचं रोप म्हणतात." मला! मग तिने आम्हाला पुढे पुढे सरकत लावणी करायला लावली, म्हणजे लावलेलं रोप आपल्याच बुटाखाली. मी म्हटलं, बाई, लावणी करताना मागे मागे सरकायचं असतं. तिने शिट्टी वाजवली. स्वस्त कसलं डोंबलाचं! बापाच्या शिव्या खात जे काम फुकट केलं, तेच आता पैसे देऊन, आणि तेही चुकीचं करायचं.

दुसऱ्या दिवशी आमची रांग तुमच्या शेताच्या बांधावरून निघाली. तुमचा बांध, राग मानू नका, बांध म्हणायच्या लायकीचा नाही. खेकड्यांनी पार पोखरलाय. शेतकऱ्याच्या नजरेने तो तपासायला म्हणून मी खाली बसलो (किती वेळ बसलो ते विचारू नका), तर बांध सुटला आणि उजवा पाय घोट्याच्या वर चिखलात. अनवाणी असतो तर अंगठा रोवून, टाच फिरवून क्षणात बाहेर. पण ते वॉटरप्रूफ! आत शिरलेलं पाणी बाहेर सोडायला तयार नाही. शेवटी पाय आला, बूट राहिला. शिट्टी वाजत होती, मी लंगडत गेलो.

तेव्हा बूट खिळ्यावरून उतरवा आणि पोरीला धाडून द्या. शपथ ती शपथ, मी येणार नाही. 

तुमचा, उंबऱ्याबाहेरचा व्याही,
गोटीराम

ता. क. पुतळाने पत्र वाचलं. म्हणते, खरं लिहा, नाहीतर मी लिहीन. तर हरेशने चार गावं दाखवली होती, तुमचं गाव मी निवडलं. त्या बांधावरून तुमचं मागचं दार दिसतं. प्रिया दारात आली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. पाय इतके सुजलेत की चप्पल चढत नव्हती, टाचा बाहेर. तिने हाळी दिली, "कोन हाय रे तिकरं?" आणि मी, तिचा बाप, बांधाआड भातात लपलो. बूट काढायला थांबलो नाही तो त्यामुळे. एका बुटाने लंगडत पळताना तिने पाहिलं, पण मला ओळखलं नाही. बूट घातलेला बाप तिने कधी पाहिलाच नव्हता. मला रडू आलं, लिहायला लाज नाही.

ता. ता. क. रविवारी येतो. फाट्यापासून बांधाबांधाने, अनवाणी. त्या दिवशी पंगतीत जे हसले त्यांना बोलावून ठेवा, आणि उंबऱ्याशी पाय धुवायला बादलीभर पाणी ठेवा, तांब्याने भागणार नाही. डावा बूट पिशवीत घालून आणतो. उजवा तुम्ही धुऊन, वाळवून ठेवा. पोरीला गाडीपर्यंत चालायचंय, आणि तिच्या पायांना सध्या तेवढेच बसतील.