मोहाखालची ओ

कुरखेडा, चैत, १९५५

भागीरथा,

तुले अस्वलानं मारलं, आता हे पत्र कुठी धाडू? तरी लिहून राह्यलो.

मोहफुलं वेचताना अस्वलाच्या भेवानं आपण झाडाझाडाखालून एकमेकाले हाक मारत होतो. त्या पहाटे तुही ओ आली नाई. तवापासून मी कोनाले ओ देत नाई.

आज शेजारच्या झाडाखाली म्हातारी बुधरी एकटीच हाका मारून राह्यली होती. मी फुलं वेचतच राह्यलो. तिचा आवाज कापाले लागला, अन् माह्या तोंडातून ओ निंगाली.

मंग मीच तिले हाक मारली. तिची ओ याले उशीर झाला. माह्या हातची टोपली सांडली.

“फुलं फडक्यात बांधत होती रे, नथ्थू,” ती म्हणाली.

हे भेव मले पुन्हा नको होतं. एक दिवस तिची बी ओ येनार नाई. तरी उद्या बी तिले ओ द्याले जातो.

तुहा,
नथ्थू